देडतलाईचा स्क्वाड्रन लीडर

बुऱ्हाणपूरहून धारणीकडे निघालं की सातपुड्याच्या कुशीत देडतलाई लागते. गाव मध्य प्रदेशात, पण थोडं पुढं गेलं की अमरावती जिल्हा सुरू. त्यामुळे बोलण्यात मराठी, हिंदी, निमाडी, कोरकू अशी मिसळ असते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आकाश भरपूर आहे. पाऊस येतो का ते बघण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही. विमानतळाचं नावच नको, तुकईथडवरून धावणारी मीटरगेजची गाडीसुद्धा इतिहासजमा झाली. अशा गावात एक लढाऊ वैमानिक असतो. तसा तो धारणीत, खकनारला, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातही असतोच. पण विमानापासून गाव जितकं लांब तितका हा नग अस्सल, म्हणून नमुन्याला देडतलाईच बरी. दिवसा तो एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर बसून लोकांच्या समग्र आयडी या सरकारी ओळखक्रमांकातली नावं दुरुस्त करतो, जमिनीच्या खसऱ्याच्या नकला काढतो, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरतो. रात्री साडेनऊनंतर तो स्क्वाड्रन लीडर होतो. हा हुद्दा त्याचा त्यानंच घेतलेला. गावानं दिलेला हुद्दा नुसता ‘पायलट’, आणि तोही हसत हसत.

लोकांचा समज असा की पोरगा लढाईचा भुकेला आहे. खोलीच्या दारातून दिसतंही तसंच: अंधार, कानांवर हेडफोन, पडद्यावर क्षेपणास्त्रं आणि मधूनच एखादी दबलेली शिवी. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो खोडायला नुसतं घड्याळ पुरतं. समजा त्यानं डीसीएस या खेळातलं एफ-१६ काढलं. विमान तळावर थंडगार उभं असतं. मेन पॉवरचा खटका आधी बॅटरीवर, मग मेनवर. मग जेट फ्युएल स्टार्टर. इंजिनाचा काटा २० टक्क्यांवर आला की थ्रॉटल पुढं, त्याआधी नाही. मग इलेक्ट्रॉनिक्सचे खटके एकामागून एक. मग दिशादर्शक यंत्रणेचं अलाइनमेंट. ते नीट करायचं तर आठेक मिनिटं लागतात आणि तोवर विमान तसूभरही हलवायचं नसतं. या आठ मिनिटांत करायचं काय? बसून राहायचं. पुढं टॅक्सी, परवानगी, उड्डाण, चाकं वर आणि ढगांतून लांबलचक रपेट. शेवटी शत्रू भेटतो आणि मिनिटभरात निकाल लागतो, बहुतेक वेळा ह्याचाच. तासाभराच्या खटाटोपात लढाई मिनिटभर! एवढीच मारामारी घालून कुणी सिनेमा काढला तर बुऱ्हाणपूरचं पब्लिक खुर्च्या मोडेल. हा मात्र एक उसासा टाकतो आणि पुन्हा बॅटरीच्या खटक्यापासून सुरुवात करतो.

तेव्हा माझं म्हणणं असं, की हा माणूस योद्धा नाहीच, तो कर्मकांडी आहे. सत्यनारायणाला बसणाऱ्या यजमानाचा तो सख्खा भाऊ. आचमन, सुपारीचा गणपती, कलश, पाच अध्याय, आणि शेवटी द्रोणात चमचाभर शिरा. शिऱ्यासाठी एवढं कुणी बसत नाही, बसण्यासाठीच बसतात. या खेळाची सगळी परंपराच तशी आहे. १९९८ मध्ये ‘फाल्कन ४.०’ आला तेव्हा त्याच्याबरोबर चक्क रिंग-फाइलीत लावलेली जाडजूड पुस्तिका मिळायची. तहसिलीतल्या बाबूला ती बघून घरच्यासारखं वाटलं असतं. या जमातीचा नियमनिष्ठपणा कुठवर जातो याचा पुरावा विलायतेतला आहे. ‘वॉर थंडर’ नावाच्या खेळात ब्रिटनचा चॅलेंजर-२ रणगाडा बरोबर दाखवलेला नाही, एवढ्यावरून २०२१ मध्ये स्वतःला रणगाड्याचा कमांडर म्हणवणाऱ्या एकानं त्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानंच चव्हाट्यावर मांडली. सैन्याचं गुपित फुटलं तरी चालेल, पण खेळातला रणगाडा पुस्तिकेबरहुकूम हवा! ही वृत्ती लढवय्याची म्हणावी की भूमिअभिलेख खात्यातल्या मोजणीदाराची?

आणि देडतलाईच्या पायलटला या वृत्तीची ओढ का लागावी, हे त्याच्या दिवसाकडे पाहिलं की कळतं. कियोस्कवर तोही विधीच करतो: अंगठा घ्या, ओटीपी सांगा, फोटो ५० केबीच्या आत बसवा, सबमिट दाबा. फरक एवढाच की तिथं सगळं बिनचूक केलं तरी सर्व्हर बसलेला असतो, ओटीपी धारणीला गेलेल्या नवऱ्याच्या मोबाइलवर पडलेला असतो आणि समोरची म्हातारी तिसऱ्यांदा परत जाते. रात्रीच्या विमानात तसं नाही. खटका दाबला की दिवा लागतो. वीस टक्के झाले की इंजिन पेटतं. यादीबरहुकूम वागलं तर यादी आपला शब्द पाळते. या सुखाला वैमानिकी म्हणायचं की कारकुनाचा मोक्ष, हा शब्दांचा प्रश्न झाला.

मोबाइलवर विमानं उडवणाऱ्यांना तो म्हणूनच माणसात धरत नाही. ३१ जुलै २०१९ रोजी भारतीय हवाई दलानं ‘अ कट अबव्ह’ हा स्वतःचा मोबाइल गेम काढला, तत्कालीन हवाई दलप्रमुख धनोआ यांच्या हस्ते. त्यातल्या वैमानिकाच्या मिशा थेट अभिनंदन वर्धमान यांच्या वळणाच्या. गावातल्या पोरांनी तो स्टॅंडवरच्या चहाच्या टपरीवर बसून खेळला. पायलटनं एकदा बघितला आणि विचारलं, ‘‘याच्यात बॅटरीचं बटण कुठी आहे?’’ नव्हतं. विषय संपला.

त्याचं सामान हे स्वतंत्र प्रकरण आहे. खरी जॉयस्टिक, थ्रॉटल, रडर-पेडल असा सरंजाम महाग. एका मोसमातल्या केळीचा भाव बरा लागला तर त्यातली नुसती काठी येते. पण ती टेबलावर ठेवण्याजोगी आखूड, आणि पुष्कळ खऱ्या विमानांतली गुडघ्यांच्या मधोमध उंच. मग मळ्यातल्या ठिबकच्या पाइपाचा वीतभर तुकडा मधे बसवला की काठी उंच होते आणि हालचाल नाजूक. मान वळवली की पडद्यावरचं दृश्यही वळावं, यासाठी परदेशातली मंडळी तयार यंत्र विकत घेतात. हा टोपीला इन्फ्रारेडचे तीन एलईडी टाचतो आणि साध्या वेबकॅमसमोर फोटोच्या जुन्या निगेटिव्हचा काळाकुट्ट तुकडा चिकटवतो. त्यातून साधा उजेड अडतो आणि एलईडीचा अदृश्य उजेड तेवढा आत येतो. युक्ती जगभर चालते. इथं निगेटिव्ह आईवडिलांच्या लग्नातल्या रिळाचं निघतं, एवढंच. रिळाचं टोकच कापलं, त्यात कुणीच नव्हतं, असं तो सांगतो. आईचं मत वेगळं असतं. शिवाय खेळ उतरवून घ्यायचा तर शंभरेक जीबी. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत तो पन्नास दिवसांनी उतरतो आणि एक्कावन्नाव्या दिवशी अपडेट येतं.

‘हे सगळं खेळणंच ना शेवटी?’ असा पहिला आक्षेप येतो, बहुधा वडिलांकडून. याला उत्तर १९२९ सालाचं आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणानं पहिलं नाव घेण्याजोगं सिम्युलेटर बनवलं. त्याच्या बापाचा कारखाना पियानो आणि ऑर्गनचा, म्हणून ठोकळ्याएवढं विमान डोलवायला त्यानं ऑर्गनचे भातेच वापरले. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीत जो भाता, त्याच घराण्यातला. सुरुवातीला हे यंत्र घेतलं कुणी? करमणुकीच्या बागांनी, म्हणजे जत्रेत आकाशपाळणे लावणाऱ्यांच्या जातभाईंनी. पुढं १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपाल विमानानं नेण्याचं काम आलं, खराब हवेत यंत्रांवर नजर ठेवून उडण्याची सवय नसलेले वैमानिक पटापट मेले, आणि सैन्यानं घाईघाईनं सहा लिंक-पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच पेटीत बसून शिकले. म्हणजे खेळणं आधी आलं, शाळा नंतर. वडिलांना हे सांगून उपयोग नसतो, कारण त्यांचा मूळ मुद्दा विजेच्या बिलाचा असतो, आणि त्यावर लिंकनंही काही लिहून ठेवलेलं नाही.

दुसरा आक्षेप देशभक्तीचा, आणि इथं पायलटची खरी गोची आहे. डीसीएसमध्ये भारताचं तेजस नाही, सुखोई-३० एमकेआय नाही. पाकिस्तानचं जेएफ-१७ मात्र एका चिनी चमूनं २०१९ च्या डिसेंबरात खटक्यान् खटक्यासकट आणून ठेवलंय. नकाशे काळ्या समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत आहेत, सातपुडा नाही. त्यामुळे या गड्याला जॉर्जियातल्या बाटुमीची १३ नंबरची धावपट्टी बुऱ्हाणपूरच्या स्टॅंडपेक्षा जास्त ओळखीची असते. तोडगा म्हणून तो मिग-२१ बिस घेतो आणि त्याला भारतीय रंग चढवतो. याला आधार भक्कम आहे: १९६३ पासून मिग-२१ विमानं आपल्याकडे होती, नाशिकजवळच्या ओझरला एचएएलनं ती बनवली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये त्यांना शेवटचा निरोप दिला. त्या दिवशी कियोस्क अर्धा दिवस बंद होता, आणि कारण विचारणाऱ्यांना ‘लिंक फेल’ म्हणून सांगितलं गेलं. मिग उतरवणं मात्र जिकिरीचं. ताशी तीनशेच्या आसपास वेगानं चाकं टेकवायची, जरा हळू झालं की विमान दगडासारखं खाली. निम्म्या वेळा ते धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात उतरतं. मध्यरात्र उलटली की मग तो गुपचूप जेएफ-१७ काढतो. त्याचे खटके सुटसुटीत, पडदे रंगीत, आणि ते उतरतंही शहाण्यासारखं. कुणी पाहिलंच तर ‘शत्रूचा अभ्यास’ हे उत्तर तयार असतं. ते पूर्ण खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

तिसरा आक्षेप जड आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. युद्धाचा असा खेळ केला की मरण स्वस्त वाटू लागतं, असं म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. खऱ्या वैमानिकाला ९ जीच्या वळणात सत्तर किलोचं शरीर सहाशे तीस किलोचं होतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. ह्याच्या खुर्चीत फार तर कंबर धरते. बाँब टाकल्यावर खाली कोण होतं हे खेळ सांगत नाही. एवढं मान्य. पण युद्धाची खरी चटक लागलेला माणूस बघायचा असेल तर तो या खोलीत सापडणार नाही, तो टपरीवर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ पुढं ढकलताना सापडेल. २०२१ मध्ये आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी ‘आर्मा ३’ या खेळातली दृश्यं अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या खोऱ्यातला पाकिस्तानी हल्ला म्हणून दाखवली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात ‘कीव्हचं भूत’ नावाच्या दंतकथेतल्या वैमानिकाचा म्हणून जगभर फिरलेला व्हिडिओ याच डीसीएसमधला निघाला. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात तर खेळांतल्या चित्रफितींचा पूर आला आणि सरकारच्या फॅक्ट-चेकवाल्यांना खुलासे काढत बसावं लागलं. अशा वेळी टपरीवर सगळे छाती फुगवून मोबाइल बघत असतात आणि मागून हा डोकावून म्हणतो, ‘‘आर्मा आहे भाऊ. धूर पाय ना कसा गोल गोल येऊन राह्यला.’’ लोक चिडतात. शत्रूचं विमान पडल्याचा आनंद हिरावून घेणारा माणूस कुठल्याच गावाला आवडत नाही. पण त्या घोळक्यात युद्धाची नशा न चढलेला तो एकटाच असतो, आणि त्याचं श्रेय त्या आठ मिनिटांच्या अलाइनमेंटला द्यावं लागेल.

मग हा खऱ्या हवाई दलात का गेला नाही? खेड्यातून जाता येत नाही असं काही नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी २०२१ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. विचारलं तर पायलट चष्म्याकडे बोट दाखवतो. चष्मा निमित्त आहे. खरं कारण असं की त्याला उंचीची भीती वाटते. जत्रेतल्या आकाशपाळण्यात तो बसत नाही, ‘खालून जास्त चांगला दिसते’ म्हणतो. सायकलही तो सावकाशच चालवतो. युद्धाचं तर नावच नको: दुसऱ्या देशावर चालून जायचं तर आधी अंथरुणातून उठावं लागेल आणि पावसाळ्यात धारणीचा रस्ता खराब असतो, एवढी व्यवहारी अडचण त्याला दिसते.

‘‘जेवाले ये रे, भाकर गार होऊन राह्यली,’’ अशी हाक साडेदहाला येते. त्या वेळी तो बाटुमीपासून वीस किलोमीटरवर असतो. ‘‘आई, उतरतो न् येतो,’’ हे उत्तर तिच्या आता अंगवळणी पडलंय. मुलगा नक्की कशावरून उतरतो हे विचारणं तिनं सोडून दिलंय. खेळ एका क्लिकवर बंद करता येतो, पण तसं करणं म्हणजे आरती न करता पाट उचलणं. तो विमान नीट उतरवतो, टॅक्सी करत ठरल्या जागी आणून लावतो, इलेक्ट्रॉनिक्सचे खटके एकेक करून खाली पाडतो, थ्रॉटल कट-ऑफला नेतो, इंजिनाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबतो आणि सगळ्यात शेवटी बॅटरी बंद करतो, कारण बॅटरी चालू ठेवून गेलं तर ती उतरते. मग टोपी खुंटीला अडकवून भाकरीवर येऊन बसतो. खोलीतला पंखा आणि ट्यूबलाइट रात्रभर चालू असतात.