थोर गिटारवादक व्हा, फक्त पस्तीस वर्षांत

ब्लूज, जुनी लोकगीतं असलं अमेरिकन रूट्स संगीत अकूस्टिक गिटारवर, नुसत्या बोटांनी वाजवून नाव काढायचंय? अभिनंदन. घरी एवढ्यात बोलू नका.

१. आधी नखं वाढवा. तुटली की नेल सलूनमध्ये जाऊन ॲक्रिलिकची बसवून घ्या. फक्त उजव्या हाताची. तिथली बाई चमकून बघेल; तिला समजावत बसू नका.

२. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरायचा, बाकी बोटांनी वर चाल वाजवायची. केंटकीचे मर्ल ट्रॅव्हिस हे सगळं मुख्यतः अंगठा आणि तर्जनीवर भागवायचे. तुम्हाला पाचही बोटांत जमणार नाही. खचू नका, तारा जुळवत राहा आणि तेवढ्यात किस्से सांगा. लोकांना तेच आवडतात.

३. गाण्यात आपल्या गावाचं नाव घाला. ही टीप सोन्याची आहे. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ साली ओके कंपनीसाठी गाणी रेकॉर्ड केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, मग मंदी आली, गडी पुन्हा शेतावर. १९६३ साली एका शौकिनाने गाण्यातलं ‘ॲव्हलॉन’ हे नाव पकडून नकाशा धुंडाळला, तर हर्ट अजून तिथेच! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यांनी मैफल जिंकली. १९६६ साली वारले. पस्तीस वर्षं वाट पाहणं, तीन वर्षं करिअर. पत्ता दिला नसता तर तीही नाहीत.

४. गाव नसेल तर हरवलेलं मूल शोधा. एलिझाबेथ कॉटन दुकानात नोकरीला होत्या. तिथे चुकलेली एक पोर त्यांनी आईकडे पोचवली. आई निघाली संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. बक्षीस म्हणून सीगरांकडे घरकाम मिळालं. त्या घरात गिटार होती. बाई डावखुऱ्या, त्यामुळे ती उलटी धरून वाजवायच्या. ग्रॅमी मिळालं १९८५ साली, नव्वदी गाठल्यावर. उतावळ्यांनी नोंद घ्यावी.

५. एवढा दम नसेल तर सरळ दुसरं नाव घ्या. जॉन फेही यांनी १९५९ साली स्वतःच काढलेल्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूला ‘ब्लाइंड जो डेथ’ असं छापलं. असा माणूस नव्हताच. प्रती काढल्या शंभरेक. तुम्ही पन्नासच काढा. उरलेल्या पलंगाखाली मावल्या पाहिजेत.

६. पोटाचं काय? शिकवण्या घ्या. समोरचे निम्मे श्रोते गाणं ऐकत नसतात, तुमच्या बोटांवर डोळा ठेवून असतात. तेच तुमचं गिऱ्हाईक. अंध रेव्हरंड गॅरी डेव्हिस न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गायचे आणि घरी शिकवायचे. त्यांचा शिष्य स्टीफन ग्रॉसमन याने पुढे गिटारच्या धड्यांचाच व्यवसाय थाटला. तेव्हा वाजवायला उशिरा जमलं तरी चालेल, शिकवायला आजच लागा. आणि फी आगाऊ घ्या.