प्रगती समाधानकारक, शर्ट निळा

शाळेत गणिताच्या सरांचा दरारा असतो, इंग्रजीच्या मॅडमना मान असतो आणि चित्रकलेच्या सरांकडे कपाटाची किल्ली असते. त्या कपाटात १५ ऑगस्टच्या पताका, गेल्या स्नेहसंमेलनातला थर्माकोलचा बुरूज, अर्धवट वाळलेला फेविकॉल आणि मालक कधीच न सापडलेला एक जिरेटोप असतो. नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका शाळेत ही किल्ली माझ्याकडे आहे. फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणं, पाहुणे येणार असले की रांगोळी काढून घेणं, मान्यवरांच्या नावांच्या पाट्या रंगवणं आणि ऐन वेळी मान्यवर बदलले की पुन्हा रंगवणं, हेही माझ्याच गळ्यात. मधल्या वेळात चित्रकला शिकवतो. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताचे सर ‘जरा एक प्रमेय राहिलंय’ म्हणून मागून नेतात, आणि प्रमेय जणू मीच शोधून काढलं असावं तशी मुलं माझ्याकडे बघतात.

चित्रकलेच्या वर्गात कसं वागावं याची सगळी नियमावली एका नळाभोवती फिरते. नळ व्हरांड्याच्या त्या टोकाला, वर्ग या टोकाला आणि मध्ये मुख्याध्यापकांची खोली. रंगकाम म्हटलं की साऱ्या वर्गाला एकाच क्षणी पाणी लागतं. जाताना डबा रिकामा असल्याने वाजवता येतो, येताना भरलेला असल्याने सांडता येतो. म्हणून मी नियम केला की प्रत्येक रांगेतून एकानेच जायचं. तेव्हापासून तो एक कोण, हे ठरवण्यात अर्धा तास जातो. एप्रिलात पारा ४२-४३ वर गेला की ब्रश डब्यातून कागदापर्यंत पोचेतो सुकलेला असतो. मग पुन्हा नळ.

बाकीचे नियम अनुभवातून आले. ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालू नये. रंगाचं पाणी खिडकीतून फेकू नये, खाली सायकलींचा स्टँड आहे आणि कधी कधी सायकलीजवळ सायकलवालाही असतो. कंपासचं टोक फक्त कागदात रुतवावं. शेजाऱ्याचा शर्ट कागद नव्हे. हा शेवटचा नियम कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकवत नाहीत, पण माझ्या मते कलाशिक्षणाचा पाया तोच आहे.

पूर्वीच्या मास्तरांजवळ नियम पाळून घ्यायला लाकडी फूटपट्टी होती. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने ती फक्त रेषा आखण्यापुरती उरली. झालं ते बरंच झालं. आमच्या मास्तरांच्या पट्टीने सरळ रेषा आखलेली मी तरी कधी पाहिली नाही, ती मधोमध तडकलेली असायची.

जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी गजबजला. शेजारीच इंदोरा. त्यामुळे वर्गात घरोघरची बोली वेगळी आणि तक्रारी सगळ्यांच्या मला कळतील अशा. ‘सर, ये मेरा पीला नहीं दे रहा.’ ‘सर, तो पाहा ना, रंगाचं पाणी पिऊन राहिला.’ तक्रार कोणत्याही भाषेतली असो, आरोपीचा जबाब एकच, ‘मैंने क्या किया बे?’

‘माझा आवडता सण’ हा विषय दिला की अर्धा वर्ग चेटीचंडचे झुलेलाल काढतो. पांढरी दाढी आणि खाली पल्ला मासा. दाढी सगळ्यांना जमते; मासा कुणाकडे बोंबलाएवढा, कुणाकडे महापालिकेच्या बसएवढा. इंदोऱ्याकडची मुलं दीक्षाभूमी काढतात. तिचा घुमट कंपासने एका फेऱ्यात होतो, त्यामुळे वर्गातल्या कितीतरी चांगल्या श्रेणी त्या घुमटाच्या पुण्याईवर उभ्या आहेत. झिरो माइल काढायला मात्र कुणी धजत नाही. खांब सोपा आहे, पण तिथे घोडेही आहेत.

निसर्गचित्राच्या वेळी सगळे भेद मिटतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, निळी नदी, काठी नारळाचं झाड. नागपुरात डोंगर म्हणायला सेमिनरी हिल्स, आणि नारळ म्हणाल तर देवळाबाहेरच्या टोपलीत. एका मुलाने प्रामाणिकपणे नाग नदी काढली आणि ती करड्या-काळ्या रंगाने रंगवली. शेजाऱ्याने लगेच चुगली केली, ‘सर, याने नदीच्या जागी रोड काढला.’

आता गुणदानाकडे वळतो. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांची लेखी परीक्षा नाही. वर्षभर बघायचं आणि श्रेणी द्यायची. अ-१ पासून ई-२ पर्यंत नऊ श्रेणी. ई मध्ये कुणाला राहू द्यायचं नाही, जादा मार्गदर्शन करून निदान ड पर्यंत आणायचं. श्रेणीचं एक वेळ जमतं. खरी परीक्षा वर्णनात्मक नोंदींची. प्रत्येक मुलाबद्दल विशेष प्रगती, आवड, आवश्यक सुधारणा असं वाक्यांत लिहायचं, आणि लिहायचं तर गोड लिहायचं. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, मोबाइलवर याद्या फिरतात. पण ‘रंगसंगतीची उत्तम जाण आहे’ हे वाक्य सलग चाळीस नावांपुढे दिसलं तर तपासणीला आलेले साहेब चष्मा काढून पुसतात.

तेव्हा मला माझी मुलं माझ्याच शब्दांत लिहावी लागली. रंगाचं पाणी पिणाऱ्यापुढे मी लिहिलं, ‘नवनवीन प्रयोग करून पाहतो.’ सतत शेजारच्या कागदात डोकावणाऱ्यापुढे, ‘सूक्ष्म निरीक्षणशक्ती आहे.’ पूर्ण तास नळाजवळ काढणाऱ्यापुढे, ‘साहित्याची पूर्वतयारी काळजीपूर्वक करतो.’ पुढच्या बाकावरच्या मुलाची पाठ निळी करणाऱ्यापुढे, ‘मोठ्या आकारात आत्मविश्वासाने काम करतो.’ ज्याची पाठ निळी झाली त्याच्यापुढे, ‘गटकार्यात सहकार्य करतो.’

एक मुलगा पांढरा रंग भाड्याने द्यायचा. पोस्टर कलरमधला पांढरा सगळ्यांत आधी संपतो हे त्याने हेरलं होतं. ब्रश एकदा बुडवायचा तर डब्यातली एक पापडी. वाचकांनी जरीपटक्याचं नाव ऐकून लगेच तर्क बांधू नये. त्याचे वडील सरकारी नोकरीत होते आणि आडनाव अस्सल वऱ्हाडी. ‘कलेतून व्यवहारज्ञान’ अशी नोंद मी केली. ती साहेबांना इतकी आवडली की त्यांनी वहीत उतरवून घेतली.

मागच्या बाकावर दंगा करणारं मूल म्हणजे दडलेला कलावंत, असा एक समज आहे. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि हा समज पालकांच्या मनात पक्का बसला. दर सभेला कुणीतरी आई डोळे ओले करून म्हणते, ‘सर, याच्यात काहीतरी आहे, तुम्ही शोधा.’ मी मनापासून शोधलं आहे. माझ्या माहितीतली बहुतेक खोडकर मुलं चित्रंही वाईटच काढतात. गरीब मुलंही वाईटच काढतात, पण कागद स्वच्छ ठेवतात. सातवीतली एक मुलगी चारही बाजूंनी दुहेरी समास आखायची, मग नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि दिनांक वळणदार अक्षरांत, मग विषयाचं नाव सजवून. तेवढ्यात घंटा व्हायची. वर्षभरात तिने एकही चित्र पूर्ण केलं नाही. तिला अ-१ न देण्याची हिंमत माझ्यात नव्हती. इतका टापटीप कोरा कागद मी पाहिला नव्हता.

वागणुकीशी काही देणंघेणं नसलेली एकच जागा आहे, ती म्हणजे शासकीय रेखाकला परीक्षा. कला संचालनालयाची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. तपासणाऱ्याला फक्त कागद दिसतो; तो काढणाऱ्याने कुणाची पाठ रंगवली हे त्याला ठाऊक नसतं. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, बीला पाच, सीला तीन. या सात गुणांनी मला जी प्रतिष्ठा दिली ती माझ्या सगळ्या रांगोळ्यांनी मिळून दिली नाही. कापड दुकानवाले एक वडील खास भेटायला आले.

‘सर, एलिमेंटरी में कितने मार्क मिलते हैं?’

‘एकही नहीं.’

‘फिर बच्चे को क्यों बिठाते हो?’

‘उसके बगैर इंटरमीडिएट में नहीं बैठ सकते.’

‘अच्छा, डिपॉझिट है,’ ते म्हणाले आणि समाधानाने निघून गेले. ही योजना इतक्या कमी शब्दांत मुख्याध्यापकांनाही मी समजावू शकलो नव्हतो.

याच परीक्षेची सवय लागावी म्हणून फेब्रुवारीत सातवीसमोर वस्तुचित्र मांडलं. टेबलावर निळं कापड, पितळी लोटा आणि मृगबहाराचं एक झकास संत्रं. ‘जे दिसतं तेच काढायचं,’ असं बजावून मी मान्यवरांची पाटी बदलायला गेलो. परत आलो तर लोटा जागेवर, कापड जागेवर, संत्र्याच्या जागी साल. वर्ग कधी नव्हे इतका शांत. मी काही बोललो नाही, कागद गोळा केले. निम्म्या वर्गाने अख्खं संत्रं काढलं होतं, निम्म्याने साल, आणि दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं. एका मुलाने मात्र खाणाराच काढला होता. हातात फोड, गाल फुगलेला, मागे लोटा. प्रत्यक्ष साक्षीदाराचा जबाब, तोही रंगीत. मी तो कागद उजेडात धरला, आडवा धरला, एकेका बाकाशेजारी उभं राहून ताडून पाहिला. चेहरा काही केल्या कुणाचाच वाटेना. चित्रकाराला विचारलं तर म्हणाला, ‘सर, काढला ना, त्यात दिसून राहिला की.’

त्याच्या नावापुढे नोंद केली, ‘स्मरणशक्ती चांगली. मानवाकृतींचा सराव आवश्यक.’