उताराची जय्यत तयारी

फिंतास समुद्राला लागून आहे आणि समुद्रापेक्षा फारसं उंच नाही. कुवेत शहराकडून फहाहीलच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला आखात, उजव्या हाताला इमारती, आणि जमीन इतकी समंजस की तिच्यावर ठेवलेला चेंडू दुसऱ्या दिवशी तिथेच सापडावा. अशा गावात १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे चाकं तेवढी वर-खाली दबू शकणारी, ट्रेल माउंटन बाइक बाळगणं, नुसती बाळगणं नव्हे तर तिची भूमिती दर आठवड्याला नव्याने जुळवणं, हे येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या इमारतीत असे एक सद्गृहस्थ आहेत. मूळचे पुण्याचे, नोकरी तेलाच्या धंद्यात. लोक त्यांना खुळे समजतात. लोकांना भूमिती येत नाही.

मुळात ही सायकल उताराची. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ काही तरुणांनी जुन्या, जड सायकलींवरून डोंगर उतरण्याची शर्यत लावली. वाट तीन-साडेतीन किलोमीटरची, पण उतार सुमारे १,३०० फुटांचा. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. आता १,३०० फूट म्हणजे जवळजवळ चारशे मीटर. कुवेतमधला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, आणि तिथवर वाळवंट इतकं सावकाश चढतं की आपण चढलो हे जीपीएसनेच सांगावं. म्हणजे अख्खा देश पणाला लावला तरी रीपॅकची एक शर्यत पुरी होत नाही. पण यातलं मर्म वेगळंच आहे. रीपॅकवाल्यांना ग्रीस भरण्यासाठी आधी डोंगर उतरावा लागे. आमचे गृहस्थ न उतरताच भरतात. पाच दशकांतली प्रगती म्हणतात ती हीच.

जवळपास उतार अगदीच नाही असं नाही. कुवेतच्या उपसागराच्या उत्तरेला जाल अझ-झोरचा कडा आहे; तो दीडशे मीटरही भरत नाही, आणि त्याचा बराचसा भाग संरक्षित क्षेत्रात कुंपणाआड आहे. मोकळ्या वाळवंटात शिरावं, तर १९९०-९१च्या युद्धातले सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा अजूनही अधूनमधून सापडतो. रुळलेली वाट सोडणं हा या सायकलचा धर्म, आणि रुळलेली वाट न सोडणं हे इथलं शहाणपण. राहता राहिला फिंतासच्या मागचा अहमदीचा उंचवटा. तो मात्र तेलाने केव्हाच अडवून ठेवला आहे. बुर्गानच्या तेलक्षेत्रातलं तेल त्या उंचवट्यावरच्या टाक्यांत साठवायचं आणि तिथून नुसत्या उताराच्या जोरावर बंदरातल्या जहाजांत सोडायचं, अशी सोय १९४०च्या दशकातच झाली. पंचक्रोशीतला एकमेव कामाचा उतार कच्च्या तेलाला मिळाला. गृहस्थ त्याच धंद्यात असल्याने त्यांनी हा निर्णय मोठ्या मनाने स्वीकारला आहे.

आता भूमिती. हेड अँगल म्हणजे पुढच्या फोर्कचा जमिनीशी होणारा कोन. डांबरी रस्त्यावर पळवायच्या सायकलीत तो ७२-७३ अंशांचा असतो, ट्रेल सायकलीत ६४ ते ६६. कोन जितका कलता, तितकं पुढचं चाक स्वारापासून लांब जातं आणि उभ्या उतारावर हँडलवरून पुढे भिरकावलं जाण्याची भीती तितकी कमी. मोल एवढंच, की सपाटीवर, सावकाश चालवताना, ते चाक वरातीतल्या घोड्यासारखं डावी-उजवीकडे रेलतं. फिंतासच्या किनाऱ्यावर सपाटीच सपाटी आणि मुलाबाळांच्या गर्दीत वेगही बेताचा. त्यामुळे गृहस्थांना हँडल सतत सावरावं लागतं. खांद्यांना चांगला व्यायाम होतो म्हणतात.

मागच्या शॉकच्या सांध्यात फ्लिप चिप नावाची एक छोटी चकती असते. बोल्ट काढायचा, चकती उलटी बसवायची, की हेड अँगल साधारण अर्ध्या अंशाने बदलतो आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस, काही मिलिमीटर वर किंवा खाली येतो. वर तो हाय, खाली तो लो. लोमध्ये सायकल वळणावर जमिनीला धरून राहते, पण पेडल दगडावर आपटायची धास्ती. हायमध्ये दगड चुकतात, पण उतारावरचा निर्धास्तपणा कमी होतो. फिंतासच्या रस्त्यात दगड नाहीत, फुटपाथची कड आहे, आणि गृहस्थ फुटपाथवर सायकल चढवत नाहीत. तरीही हाय की लो हा प्रश्न त्यांना गुरुवारी रात्री झोपू देत नाही, कारण शुक्रवारी सुट्टी. माणसाला रात्री जागं ठेवणारे प्रश्न या आखातात पुष्कळ आहेत: इकाम्याचं, म्हणजे निवास परवान्याचं, नूतनीकरण, नोकरकपात, मुलांची फी. त्यातला एकही पाच नंबरच्या ॲलन कीने सुटत नाही. हा सुटतो.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा हॉलमध्ये सॅग काढणं चाललं होतं. स्वार नुसता बसला की शॉक किती दबतो, तो सॅग. शॉकच्या दांड्यावर रबराचं बारीक कडं असतं. ते खाली सरकवायचं, हळूच बसायचं, हळूच उतरायचं आणि कडं कुठे सरकलं ते मोजायचं. यांचा शॉक ५५ मिलिमीटर दबणारा, त्याचे ३० टक्के म्हणजे साडेसोळा. वजन पूर्ण पेहरावासह धरायचं असतं, म्हणून गृहस्थ भिंतीला कोपर टेकवून सायकलवर बसलेले. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी.

“अहो, बाहेर निघालात का? मग येताना दही आणा,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“निघालो नाही गं. सॅग बघतोय.”

“मग हेल्मेट कशाला?”

“हेल्मेटचं वजन नको का धरायला?”

मुलगा कंपासपेटीतली पट्टी लावून खाली बसला होता. “बाबा, सतरा.” गृहस्थांनी छोट्या पंपाने थोडी हवा भरली. “आता सोळा.” थोडी सोडली. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी साडेसोळा आलं. त्या आनंदात गृहस्थ पिशवीतलं पाणी घटाघटा प्यायले आणि मग चपापले. पाणी पाठीवरून पोटात गेलं तरी एकूण वजन तेवढंच, असं मुलाने शाळेतल्या विज्ञानाच्या आधारे सांगितलं. पण वजनाची जागा बदलली, असं गृहस्थांचं म्हणणं पडलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दही राहिलं.

या कामाला हवामानाचीही उत्तम साथ आहे. फोर्क आणि शॉक दोन्हींत हवेची स्प्रिंग असते, आणि कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो. घरात २२ अंशांत ८० पीएसआय भरून सायकल ४५ अंशांत खाली नेली, तर तो दाब सातेक पीएसआयने चढतो. म्हणजे घरात जुळवलेला सॅग लिफ्टमधून उतरल्यावर खोटा ठरतो. बरं, खाली जाऊन जुळवावा, तर मित्रिबाहला २०१६च्या जुलैत ५३.९ अंश नोंदवणारा हा देश. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी. तेव्हा सायकल एसीत राहते हे ओघानेच आलं. बाल्कनीत ठेवली तर टायरमधलं सीलंट, जे एरवी दोन ते सहा महिने ओलं राहतं, ते लवकरच सुकून त्याची साय होते. आतली खोली सायकलला आणि मुलगा हॉलमध्ये, ही वाटणी त्या घरात तक्रारीविना झाली आहे. २०२४च्या जूनमध्ये कुवेतमध्ये ठरवून वीजकपात झाली तेव्हा इमारतीत जो तो फ्रीजमधल्या मटणाची काळजी करत होता. फोर्कच्या सीलची काळजी करणारा माणूस एकच होता.

देखभालीचे नियम कंपन्यांनीच घालून दिलेत. रॉकशॉक्स म्हणते, दर पन्नास तासांनी फोर्कच्या खालच्या नळ्या काढून तेल बदला, दोनशे तासांनी आतला डँपर उघडा. फॉक्स म्हणते, सव्वाशे तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा. यातले ‘वर्षातून एकदा’ हे शब्द लिहिणारा माणूस आखातात राहून गेलेला असावा. तास मोजायचे तर सायकल चालवावी लागते. वर्ष आपोआप होतं. गृहस्थ मुदतीच्या आधीच बोल्ट सैल करतात, रबरी हातोडीने हलकेच ठोकतात, आणि नळीतून जे तेल बाहेर येतं ते बाटलीतल्या नव्या तेलाइतकंच स्वच्छ असतं. ते उजेडात धरून बघतात, समाधानाने मान डोलावतात, आणि सिरिंजने मोजून तसंच नवं भरतात. ती इवलीशी बाटली परदेशातून कुरिअरने येते. १९३८ साली ज्या बुर्गानमध्ये तेल लागलं आणि जे जगातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांत गणलं जातं, ते या घरापासून गाडीने फार लांब नाही. पण त्या तेलाचा दाटपणा त्यांना हवा तसा नाही.

टीकाकार म्हणतात, एवढी यातायात करण्यापेक्षा साधी सायकल घ्यावी. साधी सायकल आमच्या गल्लीत आहे. बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, पोऱ्या तिच्यावरून घरोघरी पाण्याच्या बाटल्या, खुबूसच्या रोट्या आणि दूध पोचवतो. तिची साखळी गंजून लाल झाली आहे, पुढचा ब्रेक नाही, आणि हँडल चाकाशी काटकोनात आहे की नाही याबद्दल दुमत होऊ शकतं. तोझचं, म्हणजे धुळीचं, वादळ येऊन विमानतळ बंद पडला तरी ती चालू असते. तिचा हेड अँगल किती, असं गृहस्थांनी एकदा त्याला कळवळून विचारलं. त्याने सायकलकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं आणि सुट्टे फिल्स परत दिले. अज्ञानात एक प्रकारचं सुख असतं, आणि त्या सुखावर तो दिवसभर सायकल चालवतो.

गृहस्थांचं तसं नाही. त्यांच्यापुढे सह्याद्री आहे. कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपासून सिंहगडाच्या पायवाटांपर्यंत सगळं त्यांनी नकाशावर आखून ठेवलंय, आणि त्या वाटांना लो सेटिंगच लागेल हेही ठरलंय. पुण्यात एक फ्लॅट घेऊन ठेवलाय. त्यातल्या सोफ्यावर प्लॅस्टिक तसंच आहे, गीझर वर्षातून एकदा लावून बघतात. जायचं पुढच्या वर्षी आहे. आखातातल्या मराठी माणसाचं पुढचं वर्ष हे फार टिकाऊ असतं, त्याला गंज चढत नाही. ज्याला खरंच उतरायचं असतं तो आहे त्या सायकलवर बसून उतरतो, गुडघे फोडून घेतो, फ्रेमवर ओरखडे पाडतो. त्याच्या सायकलची भूमिती पहिल्याच पावसाळ्यात बिघडते. बिनचूक सायकल हवी असेल तर उतार टाळलाच पाहिजे, आणि त्या दृष्टीने फिंताससारखं गाव शोधून सापडायचं नाही.

एके दिवशी इकामा रद्द होईल आणि सामानाची आवराआवर निघेल. विमानात तीस किलोंची मर्यादा आणि कार्गोचा भाव पाहता सायकल विकावी लागेल. जाहिरातीत लिहिलं जाईल: चालवलेली नगण्य, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी उपलब्ध. जुन्या मालाच्या बाजारात अक्षर न् अक्षर खरी अशी जाहिरात विरळा. घ्यायला पुण्या-नाशकाहून नुकताच आलेला एखादा इंजिनियर येईल, शेजारच्या महबूलात भाड्याने राहणारा. तो ‘कुठे कुठे चालवली?’ असलं बाष्कळ काही विचारणार नाही. सध्या हायमध्ये आहे की लोमध्ये, एवढंच विचारेल. मग भाव ठरायच्या आधीच दोघं जमिनीवर मांडी घालून बोल्ट काढायला बसतील.