प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव

नागपूरहून पुण्याला बदली झाली ती ऐन एप्रिलात. आमच्याकडे या दिवसांत संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायचं असतं, तेवढाच काय तो उन्हाळी कार्यक्रम. इथे पारा अडतिसावर गेला की लोक ‘यंदा फारच आहे हो’ म्हणतात आणि व्याख्यानाला निघतात.

परंपराही जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. २१ एप्रिल ते २० मे, म्हणजे भर उन्हात महिनाभर रोज एक व्याख्यान. रानड्यांच्या वेळी विजेचे पंखे नव्हते, तरी लोक येत. तिकीट नसलं की पुणेकर कोणत्याही तापमानाला येतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं असावं. तीच लागण पुढे शहरभर झाली. मे महिन्यात गल्लोगल्ली गायन, कथाकथन, चित्रप्रदर्शन, एकांकिका, आणि बहुतेक सगळं फुकट नाहीतर फुकटात जमा. नव्या गावात एकट्या माणसाची याहून चांगली सोय कुठली? माझी तक्रार फुकटाबद्दल नाहीच.

तक्रार खुर्च्यांबद्दल आहे. एका सभागृहात (नाव घेत नाही, परत जायचं आहे) साडेसहाच्या कार्यक्रमाला सहाला पोचलो. आत माणसं पंधरा-वीस, पण जागा एकही नाही. खुर्च्यांवर रुमाल होते, चष्म्याची घरं होती, पेपरच्या पुरवण्या होत्या, साडीच्या दुकानाच्या कापडी पिशव्या होत्या आणि मे महिन्यात एक छत्री होती. छत्री आडवी ठेवली की तीन खुर्च्या अडतात, हा तिचा पावसाळ्याव्यतिरिक्तचा उपयोग मला नवा होता.

“काकू, इथं कोणी आहे का जी?”

“येताहेत.”

“कधी?”

“निघालेत.”

निघालेली मंडळी सात वाजता आली आणि आठच्या सुमारास ‘आम्हाला जरा पुढे जायचंय’ म्हणून उठली. जाताना छत्री घेऊन गेली. मी तोवर खांबामागे होतो. तिथून ऐकू उत्तम येतं, हे मान्य केलंच पाहिजे. पुढच्या तीन ओळींत सोफे होते. त्यांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेले होते आणि शेवटपर्यंत त्यांवर कागदच बसले होते.

नंतर दीपप्रज्वलन. वात पेटेना म्हणून पंखे बंद केले. व्यासपीठावर पाच पाहुणे, समईच्या वाती पाच, मेणबत्ती एक. ती हातोहाती फिरली आणि प्रत्येकाने वातीला टेकवून छायाचित्रकाराकडे पाहिलं. तिसऱ्या पाहुण्यांच्या वेळी फ्लॅश पडला नाही, म्हणून त्यांनी पेटलेली वात पुन्हा पेटवली. मग सगळे जागेवर बसले आणि पंखे लावायचे राहून गेले. प्रास्ताविक झालं, परिचय झाला, परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय झाला. शेवटी मागच्या कुणा सुज्ञाने चिठ्ठी पाठवली. ती सूत्रसंचालिकेने श्रोत्यांचा प्रश्न समजून बाजूला ठेवली.

सत्कारात शाली होत्या. लोकरीच्या. वक्ते भले गृहस्थ. खांद्यावरची शाल काढली तर संयोजकांना वाईट वाटेल म्हणून तशीच पांघरून बोलायला उभे राहिले. विषय पाणीटंचाई होता. आधी शाल भिजली, मग टिपणं. त्यांच्यासाठी राखून ठेवलेला तास तोवर चाळीस मिनिटांवर आला होता. त्यातली दहा ‘प्रश्न नाही, फक्त दोन मुद्दे मांडतो’ म्हणणाऱ्या एका काकांनी घेतली. मुद्दे चार होते.

नाटकांचं त्या मानाने बरं. तिकीट काढलं की खुर्चीला नंबर असतो आणि त्या नंबरावर दुसऱ्याचा रुमाल नसतो. बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी सुरू झालं. तिथे बाल्कनीत स्वस्तात बसून मी एक संगीत नाटक शांतपणे पाहिलं. तक्रार करावी असं काही सापडलं नाही, म्हणून त्याविषयी लिहिण्यासारखंही काही नाही.

चित्रप्रदर्शनाला खुर्च्याच नसतात, तिथे तरी निवांत राहता येईल असा माझा हिशेब होता. पण दुपारी तीनला कलादालनात दोनच माणसं असतात, आपण आणि चित्रकार. आपण चित्र पाहतो आणि तो आपल्याला. दोन पावलं मागे सरकलं की तोही सरकतो. घाईने पुढे जावं तर त्याचा चेहरा पडतो, थांबावं तर तो किंमत सांगतो. आणि दारातच अभिप्रायाची वही असते, दोरीने बांधलेलं पेन असतं. आधीच्या सगळ्या पानांवर ‘अप्रतिम’. मी ‘छान’ लिहिलं. ते त्यांनी माझ्यासमोर वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, “मोबाइल नंबर राहिला.”

नंबर लिहिला. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला एकेक चित्र येतं, खाली ‘सुप्रभात’. सूर्यफुलांचं चित्र दर सोमवारी येतं, म्हणजे ते अजून विकलं गेलेलं नाही. रविवारी मात्र नुसती किंमत येते, आणि ती दर आठवड्याला थोडी उतरलेली असते.