क्षेपणास्त्र पडलं तर भरपाई नक्की

2025 सालची महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला आली आणि त्याच दिवशी सुरतेच्या रिंग रोडवरचं शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केट पेटलं. खरं म्हणजे दुसऱ्यांदा पेटलं. आदल्या दिवशी त्याच इमारतीच्या तळघरात आग लागली होती, एक माणूस दगावला होता, बंब येऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आग पुन्हा हजर. 800च्या वर दुकानं असलेली ती इमारत एक दिवसाहून अधिक काळ जळत राहिली. पॉलिएस्टरची साडी सुती साडीसारखी जळत नाही. ती वितळते, ठिबकते, खालच्या गठ्ठ्याला चिकटते आणि इतका काळा धूर सोडते की आत शिरलेल्या जवानाला स्वतःचा हात दिसत नाही. बाहेर रस्त्यावर व्यापारी उभे होते. कुणी रडत होतं, कुणी फोनवर भावाला सांगत होतं, आपला मजला अजून राहिलाय.

सुरतेला हा प्रकार नवा नाही. 2020च्या जानेवारीत पुणा-कुंभारिया रस्त्यावरच्या रघुवीर मार्केटमध्ये 8 तारखेला आग लागली आणि 21 तारखेला त्याच दहामजली इमारतीत पुन्हा लागली. तेव्हा दुसऱ्या आगीला 13 दिवस लागले होते, शिवशक्तीत एकच लागला. या शहरात कामाचा वेग वाढतो आहे, याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

आग विझली की सुरतेत दोन माणसं येतात. पहिला पुढारी, तो मदतीचं आश्वासन देतो. दुसरा विमा कंपनीचा सर्व्हेअर, तो आश्वासन देत नाही, यादी मागतो. यादीवरून मग जे नाटक सुरू होतं त्याचा पहिला अंक बँकेत लिहिलेला असतो. व्यापाऱ्याने कॅश क्रेडिट घेताना बँकेने विमा उतरवायला लावला, म्हणून त्याने तो उतरवला. किती रकमेचा? बँक मागेल तेवढ्याचा. दुकानात माल 1 कोटीचा, पॉलिसी 25 लाखांची. जळाला 40 लाखांचा. व्यापारी हिशेब करतो की पॉलिसी 25 लाखांची, म्हणजे 25 तर कुठे गेले नाहीत. सर्व्हेअर शांतपणे कॅल्क्युलेटर काढतो. तुम्ही मालाच्या चौथ्या हिश्शाचाच विमा उतरवलात, म्हणजे बाकीच्या तीन हिश्शांची विमा कंपनी तुम्ही स्वतः. तेव्हा नुकसानीचाही चौथा हिस्सा मिळेल, 10 लाख. उरलेले 30 लाख तुम्ही तुमच्याकडूनच वसूल करा.

त्यात माल किती होता हे सिद्ध करायचं असतं. पूर्वी मालाबरोबर चोपडेही जळत, आणि मग जो सांगेल तो आकडा खरा. आता मात्र जीएसटीचं पोर्टल काही केल्या जळत नाही. 2017च्या जुलैमध्ये ज्या जीएसटीविरुद्ध सुरतेच्या मार्केटांनी दिवसचे दिवस शटर ओढली, तोच आज जळालेल्या मालाचा एकमेव साक्षीदार आहे. आणि साक्षीदार प्रामाणिक आहे, हीच अडचण. कच्च्या चिठ्ठीवर आलेला माल त्याने कधी पाहिलेलाच नाही.

दुकानाचं हे असं, तर घराचं काय? इथे सरकारी कागद खरोखर वाचण्यासारखा आहे. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी लागू केली. तिच्यात आग आहे, वीज आहे, भूकंप, पूर, वादळ, दरड आहे. झुडपांची आग, वनातली आग, जंगलातली आग अशा तिन्ही आगी सुट्या सुट्या लिहिल्या आहेत. याआधीच्या प्रमाणित पॉलिसीत झुडपांची आग मान्य होती आणि जंगलाची आग वर्ज्य. ती हवी तर जादा हप्ता भरा. घर जळत असताना मालकाने कुंपणाशी उभं राहून ज्वाळांना विचारायचं, तुम्ही झुडपातून आलात की झाडांवरून? ती भानगड आता मिटली आहे. शिवाय क्षेपणास्त्राच्या चाचणीत तुमचं घर गेलं तर भरपाई नक्की. आग लागल्यावर सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही भरून मिळते. आठव्या दिवशी येणाऱ्या चोराने मात्र कंपनीचा विचार करावा. सुरतेतल्या उधन्याच्या माणसाला क्षेपणास्त्राची चिंता फारशी नाही, जंगलाची तर मुळीच नाही, कारण त्याच्याकडचं जंगल डांगात आहे. त्याच्या घरात आहे तो वणव्यासारखा पेटणारा, व्यापाऱ्याचा साड्यांचा माल, आणि त्याच्याबद्दल तो कागद गप्प आहे.

समजा, डिंडोलीच्या एका गल्लीत विमा एजंट शिरला. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा हा सुरतेतला खानदेश. अमळनेर-शिरपूरकडून लूमच्या खात्यात कामाला आलेल्या माणसांनी इथे दहा फुटी घरं बांधली आणि मग त्यांवर माळे चढवले. आप्पांच्या घरात खाली साड्यांच्या पोटल्या छतापर्यंत लागल्या आहेत. ओट्यावर वहिनी आणि शेजारच्या दोघी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवताहेत, मध्ये गोंदाचा डबा. कोपऱ्यात सिलिंडर. जिन्याखाली मीटर, आणि मीटरमधून निघालेल्या वायरी कोणत्या घरात जातात ते वायरमनलाही सांगता येणार नाही.

“आप्पा, घराचा विमा उतरवून टाका.”

“घर कुनाच्या नावावर आहे ते तरी ठरू द्या भाऊ. साटाखत आहे फक्त.”

“बरं, घरातलं सामान काय काय?”

“आमचं म्हनाल तर एक कपाट, टीव्ही, फ्रिज. बाकी सगळं शेठचं.”

“शेठचा माल घरसामानात धरत नाहीत.”

“मग आगीला सांगू का, शेठचं जाळ आन् आमचं ठेव?”

वहिनींचा प्रश्न नेमका असतो, हप्ता किती? हप्ता खरं तर थोडा असतो, आणि गोम तिथेच आहे. लहान घराच्या हप्त्यावर मिळणारं कमिशन एजंटच्या पेट्रोललाही पुरत नाही. म्हणून तो घराचा विषय गुंडाळतो आणि मुलीच्या लग्नाची पॉलिसी बाहेर काढतो. सरकारनेही त्याला साथ दिली आहे. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, घराच्या विम्यावरचा 18 टक्के आहे तिथेच आहे. घर ही चैन असावी.

विमा सुरतेला परका आहे म्हणावं तर तसंही नाही. 17व्या शतकात इथले सराफ मोखा बंदराला जाणाऱ्या जहाजांचे आणि मालाचे विमे उतरवत होते. समुद्रात बुडणाऱ्या मालाची किंमत त्यांना तोंडपाठ होती, जमिनीवर जळणाऱ्या घराची कुणी केलीच नाही. जानेवारी 1664मध्ये शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवरून गेली, शहराचा बराच भाग जळाला, तेव्हा औरंगजेबाने व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली. आपत्तीनंतर पॅकेज जाहीर करण्याची पद्धत तेव्हाची असावी. त्यातही ज्याचं दुकान होतं त्याला सूट मिळाली, ज्याचं फक्त घर होतं त्याला काय मिळालं याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

24 एप्रिल 1837 रोजी मच्छलीपीठेतल्या एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी उकळतं डांबर पेटलं आणि त्या आगीत सुरतेची 9,373 घरं गेली, 500च्या वर माणसं गेली. त्याच वर्षी तापीला पूर आला आणि उरलेलं धुऊन निघालं. लंडनमध्ये 1666च्या आगीनंतर वीसेक वर्षांच्या आत घरांचे विमे उतरवणारी कचेरी उघडली होती. सुरतेसाठी मुंबईहून वर्गणी आली. आणि मग सुरतेचे व्यापारीच मुंबईला गेले. यापेक्षा खात्रीचा विमा त्यांना दिसला नसावा.

आता कुणी म्हणेल, विमा असला म्हणजे सगळं झालं का? तर अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्सकडे पाहावं. 7 जानेवारी 2025ला तिथल्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि घरांत उतरला. तिथे आणि अल्टाडेनात मिळून 16 हजारांहून अधिक इमारती गेल्या. त्याच्या दहा महिने आधी, मार्च 2024मध्ये, स्टेट फार्म या कॅलिफोर्नियातल्या सर्वांत मोठ्या घरविमा कंपनीने तिथल्या सुमारे 72 हजार पॉलिसींचं नूतनीकरण करणार नाही असं जाहीर करून टाकलं होतं, आणि पॅलिसेड्सची घरं त्यांत होती. मग लोक ‘फेअर प्लॅन’कडे गेले, म्हणजे कुणीच घेत नाही त्यांना घेणाऱ्या शेवटच्या दारात. धोका मोजता येतो तिथे कंपनी हप्ता वाढवते, फार नीट मोजता आला की निघून जाते. कॅलिफोर्नियात मोटेलं चालवणारे सुरत-नवसारीकडचे पटेल गावी फोन करून हेच रडगाणं गातात असं समजायला हरकत नाही. डिंडोलीच्या आप्पांना मात्र हे दुःख कळणार नाही. कंपनी पळून जायला आधी यावी लागते.

इथे एका विम्याची आठवण करून दिली पाहिजे, जो गुजरातेत खूप खपतो. त्याचं नाव इम्पॅक्ट फी. बेकायदा बांधकाम नियमित करून घेण्यासाठी 2001मध्ये कायदा झाला, 2011मध्ये पुन्हा झाला, 2022मध्ये परत झाला. माळा आधी चढवा, पैसे नंतर भरा, मग तो माळा कायद्याच्या संरक्षणात आला. आग लागण्याचा धोका होता तेवढाच राहतो. फक्त आता तो धोका अधिकृत असतो.

24 मे 2019ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली. वरच्या शेडमध्ये शिकवणी चालू होती. बसायला टायर होते, आजूबाजूला फ्लेक्स. जिना धुराने भरला आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. अग्निशमन दलाची शिडी वरपर्यंत पोहोचली नाही. 22 मुलं गेली. याही इमारतीच्या बांधकामाला इम्पॅक्ट फीचा शिक्का मिळालेला होता हे तपासात पुढे आलं, पालिकेच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यानंतर शहरात सील लावण्याची मोहीम निघाली, आणि 25 मे 2024ला राजकोटचा गेम झोन जळून 27 माणसं गेली तेव्हा ती पुन्हा निघाली. मधल्या पाच वर्षांत सील लाखेचं होतं की पाण्याचं, हे ज्याने त्याने ठरवावं. या प्रकरणात विनोद करण्यासारखं काही नाही. मात्र मार्केटच्या दारावर अग्निशमनाच्या एनओसीची मुदत कधी संपते ते लिहिलेलं असतं का, हे कोणत्याही ग्राहकाने साडी बघण्याआधी बघावं. बघत कुणी नाही. सुरतेत त्याला एकच उत्तर आहे: थई जशे, म्हणजे होऊन जाईल.

तर ज्यांना ‘थई जशे’वर अवलंबून राहायचं नाही त्यांच्यासाठी एवढंच. भारत गृह रक्षा ही पॉलिसी आगीचा विमा करणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला विकावीच लागते. तिच्यात जमिनीचा भाव धरत नाहीत, घर पुन्हा बांधायला लागणारा खर्च धरतात. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, झालं. घरसामानाला घराच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. घरात शेठचा माल असेल तर त्या मालाचा वेगळा विमा शेठकडूनच मागा, आणि तो कागद डोळ्याने पाहा. बिलं आणि फोटो घरात न ठेवता फोनवर ठेवा, फोटोंची एक प्रत गावी भावाला पाठवा. एजंट दुसरीच पॉलिसी पुढे करेल. त्याला चहा पाजा, वाटलं तर पेट्रोलचे पैसे द्या, पण नाव हेच सांगा.