गॅरेजात आणलेला घाट

आमच्या दारातल्या पिकअपच्या नाकातून एक वायर लोंबते. टोकाला घरातल्या मिक्सरला असतो तसला साधा प्लग. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा ती वायर बघतो आणि म्हणतो, "अरे वा, इलेक्ट्रिक घेतलीस!" मग मी बॉनेट उघडतो. आत १९९७ सालचं आठ सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. ते चालू केलं की पाहुण्याला आपण पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभे आहोत असा भास होतो.

ती वायर ब्लॉक हीटरची. मिनेसोटा राज्यात, डुलुथच्या बाहेर, हिवाळ्यात इंजिनाला रात्रभर ऊब देऊन झोपवावं लागतं. आमच्या उत्तरेला टॉवर नावाचं गाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ६० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ५१ सेल्सिअसवर गेला होता. फॅरनहाइट आणि सेल्सिअस उणे ४० ला एकाच आकड्यावर येतात. या दोघांचं जिथे एकमत होतं तिथे माणसाने संसार थाटू नये, असं माझ्या बायकोचं मत आहे.

हा पिकअप मी आमच्या शेजाऱ्याकडून घेतला. त्याने निवृत्त होऊन ॲरिझोनात घर केलं होतं. किल्ली देताना त्याचे डोळे पाणावले होते. गाडी सोडताना गहिवरला, असं मला तेव्हा वाटलं. सुटल्याचा आनंदही तसाच दिसतो, हे नोव्हेंबरात कळलं. गाडीच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. कितीही आग्रह झाला तरी उखाण्यातसुद्धा नाही.

पहिल्या कडक थंडीच्या सकाळी किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर एरवी एक पिवळा दिवा लागतो, 'जरा थांब, मग सेल्फ मार' असं सांगणारा. तो लागला नाही. सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं, पण पेटेना. शेवटी फ्यूजचा डबा उघडला. तीस अँपिअरचा एक फ्यूज उडाला होता. नवा घातला, किल्ली फिरवली, आणि फट्. दुसरा घातला. फट्.

टो करून गाडी गावातल्या गॅरेजात पाठवली. इथली गॅरेजं आतून छान उबदार असतात. रात्रभर तिथे मुक्काम करून सकाळी गाडीने नवा फ्यूज घातल्याबरोबर पहिल्या सेल्फला स्टार्ट घेतला. कागदावर शेरा आला, 'दोष आढळला नाही', आणि त्या न आढळलेल्या दोषाचे १४० डॉलर मोजून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, फट्.

लहानपणी रात्रभर कण्हणारं पोर डॉक्टरच्या दारात पाय ठेवताच खदाखदा हसायला लागतं आणि आई खोटी पडते, तशी माझी गत झाली. गॅरेजवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाहिली होती.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी स्वतः मेकॅनिक झालो. बॅटरीची टर्मिनलं घासली. कॅमशाफ्टचा सेन्सर बदलला, कारण ज्याला विचारावं तो कॅमशाफ्टचा सेन्सर म्हणत होता. मग तो नवा सेन्सरच बिघडलेला असेल, म्हणून आणखी एक आणला. फ्यूज तर मी शेंगदाण्यासारखे पुडीने आणत होतो.

"मोठा फ्यूज घाल ना," बायको म्हणाली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे मर्यादा आडवी आली की मर्यादा वाढवतात.

शेवटी वडिलांना, म्हणजे अप्पांना, फोन लावला. अप्पांनी चाळीस वर्षं साताऱ्याबाहेर हायवेवर ट्रकांचं गॅरेज चालवलं. हिवाळ्यात आमच्या आणि त्यांच्या घड्याळात साडेअकरा तासांचं अंतर असतं. माझ्या रात्रीच्या नऊ वाजता ते सकाळच्या साडेआठच्या उन्हात खुर्ची टाकून बसलेले असतात. व्हिडिओत मागे जास्वंद दिसत होती. मी कानटोपीत.

"मोठा फ्यूज घालू का?" मी विचारलं.

"घाल की. न्हाईतर खिळाच ठोक," अप्पा म्हणाले. "मग फ्यूजाच्या जागी गाडी जळंल. फ्यूज मरतोय म्हंजे तो त्याचं काम करतोय. त्याला कोण मारतंय ते बघ. त्या फ्यूजावर कोण कोण बसलंय?"

मी पुस्तक उघडून वाचून दाखवलं. इंजिनाचा कॉम्प्युटर, आणखी दोन-तीन किरकोळ मंडळी, आणि फ्युएल हीटर.

"कसला हीटर?"

"डिझेल गरम करायचा."

पलीकडे बराच वेळ शांतता. जास्वंद हलली. "डिझेलला बी थंडी वाजते व्हय रं?"

चाळीस वर्षं डिझेलात हात बुडवलेल्या माणसाला डिझेल समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. मी खोबरेल तेलाची बाटली काढली. डिसेंबरात आई ती बाटली उन्हात ठेवायची आणि तरी आतून काडीने तेल टोकरून काढावं लागायचं, ते आठवतं ना? डिझेलातही मेण असतं. थंडी पडली की आधी ते ढगाळतं, मग मेणाचे कण फिल्टरच्या बारीक छिद्रांत बसतात आणि इंजिन उपाशी मरतं. म्हणून इथे हिवाळ्यात पंपावर पातळ, जवळजवळ रॉकेलसारखं डिझेल मिसळून देतात. उन्हाळ्यात राज्याच्या कायद्याने २० टक्के बायोडिझेल असतं, ते थंडीत लवकर गोठतं, म्हणून हिवाळ्यात ५ टक्क्यांवर आणतात. लडाखसाठी २०१९ मध्ये आपल्याकडेही उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल निघालं. आणि इतकं करूनही मेण धरलंच, तर फिल्टरच्या भांड्यात बुडालेला एक छोटा हीटर असतो. थंडी वाढली की आतला थर्मोस्टॅट त्याला चालू करतो, ऊब आली की बंद करतो.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे थंडी असली तरच त्याच्यात करंट जातो."

"हो."

"आन् गॅरेज उबदार."

"हो."

"आरं लेका!"

मलाही त्याच क्षणी उमगलं, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही. हीटर आतून शॉर्ट होता. उबदार गॅरेजात थर्मोस्टॅट त्याला झोपवून ठेवत होता, म्हणून तिथे गाडी गुणी. बाहेर थंडी पडली की तो जागा व्हायचा आणि पहिल्या श्वासाला फ्यूज घेऊन जायचा. त्याच फ्यूजावर इंजिनाचा कॉम्प्युटर बसलेला. ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही, तोही अंधारात.

ही व्यवस्था मला ओळखीची वाटली. आमच्या वाड्यात चार भावांचा संसार एका चुलीवर होता. थोरले काका तापले की सगळ्या घराचा फ्यूज उडायचा. भांडण त्यांचं भाजीवाल्याशी असायचं, पण शाळेची फी मागायची हिंमत त्या दिवशी आमच्यापैकी कुणाची व्हायची नाही.

"आता खात्री करायची," अप्पा म्हणाले. "आमच्याकडं एक ट्रक यायचा. गॅरेजात सोन्यासारखा, खंबाटकीच्या घाटात आडवा. मी मालकाला म्हटलं, हितं न्हाई घावायचं, चल घाटात. तुला घाटात जाता येत न्हाई तर घाट गॅरेजात आण."

घाट आणायला मला अंगणापर्यंतच जावं लागलं. आमच्या छोट्या गॅरेजात छोटा हीटर लावून गाडी दिवसभर उबेत ठेवली. फिल्टरचं भांडं या इंजिनात दोन हेडांच्या मधल्या खोऱ्यात, पार मागे बसवलेलं आहे. तिथवर पोचायला स्टुलावर चढून इंजिनावर पालथं पडावं लागतं. डोकं आत, पाय बाहेर. बायको दारातून म्हणाली की मगरीने गिळायला घेतलेल्या माणसासारखा दिसतोयस.

हीटरचा प्लग काढला. मल्टिमीटरची काळी पिन इंजिनाच्या लोखंडाला, लाल हीटरच्या टोकाला. मीटर गप्प. मग प्लास्टिकच्या पिशवीत अंगणातला बर्फ भरला आणि ती पिशवी फिल्टरच्या भांड्याभोवती गुंडाळली. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवून आई उशाशी बसते, तसा मी बसलो. फरक एवढाच की आई ताप उतरायची वाट बघते आणि मी चढायची बघत होतो.

अप्पा फोनवर होते. त्यांना एअर क्लीनरच्या डब्यावर टेकवून ठेवलं होतं. पाच मिनिटं झाली. दहा. पिशवीतून पाण्याचा थेंब माझ्या बाहीत गेला. आणि भांड्याच्या आतून एक बारीकसा 'टिक' आवाज आला, नखावर नख मारल्यासारखा. थर्मोस्टॅट लागला होता. त्याच क्षणी मीटर ओरडला. लोखंडाला थेट रस्ता, शून्याला चिकटलेला काटा.

"वाजलं!" मी ओरडलो आणि बॉनेटवर डोकं आपटलं.

"ते बी वाजलं," अप्पा म्हणाले.

प्लग परत लावलाच नाही. टोकाला टेप गुंडाळून वायर बाजूला बांधून टाकली. रात्रभर गाडी बाहेर काढून ठेवली. सकाळी बाहेर उणे २६ सेल्सिअस. पिवळा दिवा लागला, थांबला, विझला. सेल्फ मारला आणि अख्ख्या आळीची गिरणी सुरू झाली. बायको खिडकीत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिला वाटलं होतं की गाडी विकायचा मुहूर्त जवळ आलाय.

नवा हीटर मी मागवला. तो आला. पण फिल्टर उघडून, डिझेल उपसून, त्या खोऱ्यात पुन्हा पालथं पडायचं कोणी? ब्लॉक हीटर रात्री लावतोच. पंपावरचं हिवाळी डिझेल भरतो, वर बाटलीतलं औषध ओततो. दोन हिवाळे गाडी हीटरशिवाय बिनतक्रार चालली. तिसऱ्या उन्हाळ्यात अप्पा आले, तेव्हा सवड काढून आम्ही दोघांनी भांडं उघडलं, जुना हीटर बाहेर काढला आणि नवा बसवला. अप्पांनी त्या दिवशी माझ्यापेक्षा कमी डिझेल सांडलं आणि जास्त बोलणी खाल्ली, कारण दोघांच्याही कपड्यांचा हिशेब सुनेने त्यांच्याच नावावर मांडला.

संध्याकाळी अप्पा पायरीवर तो काळपटलेला जुना हीटर तळहातावर घेऊन बसले होते.

"हा न्हवता तरी दोन वर्षं गाडी चालली?"

"चालली की."

"मग हा इतकी वर्षं करत काय हुता?"

"गरम होत होता," मी म्हणालो.

अप्पा हसले. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. "थोरले वारीला गेले की आपल्या घरात सगळं कसं वेळेवर व्हायचं," ते म्हणाले. "तीन आठवडं. जेवण वेळेवर, झोप वेळेवर. आन् तिसऱ्या आठवड्यापासनं तुझी आजी फाटकाकडं बघत बसायची."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, हीटरवरचं डिझेल पुसलं, आणि नव्या हीटरच्या रिकाम्या खोक्यात तो नीट ठेवून खोकं माझ्याकडे दिलं.

"ऱ्हाऊ दे फळीवर," म्हणाले. "टाकू नगंस."