लडाखवीर

लेहला विमानाने जाणं म्हणजे कॉपी करून पास होणं, असं ज्याचं ठाम मत असतं तो लडाखवीर. पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही सापडतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, एसयूव्हीचे हप्ते नुकतेच फिटलेले आणि मागच्या काचेवर निघायच्या आठवडाभर आधीच ‘पुणे ते लेह’ असा स्टिकर. डिकीत पंक्चर किट, दोन रिकामे कॅन, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि विरळ हवेवर उतारा म्हणून रुमालात बांधलेली कापराची वडी. कापराने ऑक्सिजन वाढत नाही, नुसता वास येतो, हे त्याला कुणी सांगू नये. बायकोने विमानाचं नाव काढलं, की तो शास्त्राचा आधार घेतो : ‘अगं, हळूहळू चढलं म्हणजे शरीराला सवय होते.’

पंचाईत अशी, की हे शास्त्र खरं आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. पण मग त्याने श्रीनगरमार्गे जायला हवं. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, कारगिल २,७००च्या आसपास, लेह ३,५००वर. वाटेत झोजी ला आणि ४,१०८ मीटरचा फोतू ला या खिंडी लागतात खऱ्या, पण तिथे कुणी झोपत नाही. लडाखवीर मात्र जातो मनालीने. २,०५० मीटरवरच्या मनालीतून सकाळी निघतो आणि रात्री सरचूच्या तंबूत, जवळजवळ ४,३०० मीटरवर, डोकं धरून बसतो. म्हणजे ज्या विमानाला तो अघोरी म्हणतो, ते उतरवतं त्याहून आठशे मीटर उंचावर त्याची पहिली रात्र. ‘हळूहळू’ हे कारण पुढे करायचं. खरी ओढ बारालाचा ला आणि ५,३२८ मीटरच्या तंगलंग लाच्या फोटोंची.

मग तो पैशांवर येतो : चौघांच्या तिकिटांपेक्षा गाडी स्वस्त. पुणे ते लेह आणि परत म्हणजे पाचेक हजार किलोमीटर. लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तरी सव्वातीनशे लिटरच्या वर इंधन. शिवाय टोल, वाटेतले मुक्काम आणि घरी आल्यावरचं सर्व्हिसिंग. हा सगळा हिशोब ‘गाडी तर घरचीच आहे’ या एका वाक्यात मिटतो. त्याचा एक मुद्दा मात्र मानलाच पाहिजे : स्वतःच्या गाडीमुळे नुब्रा-पँगाँगला जायला टॅक्सीवाल्याच्या दराकडे आणि घड्याळाकडे बघावं लागत नाही. महिन्याभराची रजा आणि गाडी चालवायला दोन माणसं असतील, तर एवढ्यासाठीही गाडी न्यावी.

म्हणून विमानवाला शहाणा ठरतो, असं नाही. तोही दिल्लीहून उडून नाश्त्याच्या वेळेला एकदम ३,५०० मीटरवर उतरतो. ‘४८ तास आराम करा’ ही सूचना वाचतो आणि दुसऱ्या दिवशी खारदुंग लाच्या पाटीखाली उभा राहतो. त्या पाटीने वर्षानुवर्षं १८,३८० फुटांचा दावा केला. खरी उंची साडेसतरा हजारांच्या जरा वर. फुशारकीत पाटी आणि पर्यटक एकमेकांना शोभतात.

तेव्हा गाडी की विमान, हा प्रश्नच दुय्यम आहे. रात्री कुठे झोपता, हा खरा प्रश्न. सुट्टी आठवड्याची असेल तर विमानाने जा आणि पहिले दोन दिवस लेहमध्ये निवांत लोळा. सुट्टी भरपूर असेल तर गाडीने श्रीनगर, कारगिल असं चढा आणि उतरताना मनालीने या. तोवर अंग सरावलेलं असतं आणि सगळे पासही बघून होतात. लडाखवीराला हे पटत नाही असं नाही. पण या बेतात एक मोठी खोट आहे : परतल्यावर सोसायटीत सांगायला हाल झाल्याचा एकही किस्सा उरत नाही.